एकट्या आईला उभं करताना क्रम चुकवू नका: आधी सिमकार्ड, मग बाकीचं

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाचातरी फोन येतो, ताई माझी भाची लेकरू घेऊन परत आलीये, वय तेवीस, तिला नाशिकला अंबडच्या एखाद्या कंपनीत लावून द्या ना. मी दरवेळी एकच विचारते, तिच्या आधारला नंबर कोणाचा लिंक आहे? समोर शांतता. मग कळतं की नवऱ्याचाच आहे.

मी काही संस्था चालवत नाही, सिडकोत राहते, आणि अशा आठ-दहा पोरींसोबत बँकेच्या, तहसीलच्या, कोर्टाच्या रांगेत उभी राहिलेय. मदत करणारी माणसं बहुतेक चांगलीच असतात पण क्रम चुकवतात. कोणी थेट नोकरीपासून सुरुवात करतं, कोणी थेट घटस्फोटापासून, आणि काही जण तर दुसऱ्या स्थळापासून (यांच्याबद्दल न बोललेलं बरं). म्हणून हे लिहितेय, मदत करणाऱ्यांसाठी, म्हणजे आत्या, भाऊ, मैत्रीण, बचत गटाच्या ताई, जे कोणी असाल ते. पोरगी विधवा असो, सोडून दिलेली असो, स्वतः बाहेर पडलेली असो नाहीतर लग्न न होता आई झालेली असो, क्रम साधारण हाच.

टप्पा ० : आजची रात्र

मारहाण झाली असेल किंवा होण्याची भीती असेल तर बाकी सगळं उद्या. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, लेकराचा प्रश्न असेल तर १०९८. माहेरी जागा नसेल तर सखी वन स्टॉप सेंटरला साधारण ५ दिवसांपर्यंत राहता येतं, तिथेच पोलीस, दवाखाना, वकील आणि समुपदेशन यांच्याशी जोडून देतात. त्याहून जास्त दिवस लागणार असतील तर शक्ती सदन या निवारागृहाची चौकशी तिथूनच करा.

मार लागलेला असेल तर त्याच दिवशी सिव्हिलला दाखवा आणि केसपेपरवर "नवऱ्याने मारलं" असंच लिहून घ्या. "पाय घसरून पडली" असं एकदा लिहिलं गेलं की पुढे कोर्टात तो कागद तिच्याच विरुद्ध जातो. सासूच्या भीतीने पोरी हेच सांगतात, म्हणून सोबत जा.

सावध: लेकरू "दोन दिवस तिकडेच राहू दे, नंतर आणू" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा हिंदू कायद्यात साधारणपणे आईकडेच असतो, पण एकदा मूल तिकडे राहिलं की परत आणायला कोर्टाची पायरी चढावी लागते आणि त्यात महिने जातात.

टप्पा १ : फोन तिचा, नंबर तिचा

हा टप्पा लोकांना फालतू वाटतो, आणि सगळं अडतं ते इथेच.

एक प्रसंग सांगते. पोरीला सातपूरला काम लागलं, पहिला पगार खात्यात आला, संध्याकाळी आम्ही पवननगरला दुकानात डाळ-तांदूळ घेऊन उभ्या, पेमेंट होईना. खातं लग्नानंतर उघडलेलं, ओटीपी जायचा नवऱ्याच्या फोनवर. त्याने दुपारीच सगळे पैसे काढून घेतले होते. पोरगी काही बोलली नाही, पिशवीतली डाळ परत काढून काउंटरवर ठेवली. त्या दिवसापासून मी आधी सिम बघते.

क्रम असा ठेवा:

१. तिच्या आधारवर, तिच्या नावाचं नवीन सिम. भावाच्या नावाचं नको, वडिलांच्या पण नको. आज भाऊ चांगला आहे हो, उद्या वहिनीशी वाजलं की?
२. आधार केंद्रावर जाऊन नवा नंबर आधारला जोडा. केंद्रावर अंगठा द्यायला तिला स्वतः जावं लागतं, पण नंबर बदलायला वेगळा कुठलाच पुरावा लागत नाही.
३. संचार साथी पोर्टलवर तिच्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघा. अनोळखी दिसलं तर तिथेच रिपोर्ट करा.
४. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून सगळं लॉगआउट. जीमेलचा पासवर्ड बदला, रिकव्हरी नंबर बदला, गुगल मॅपचं लोकेशन शेअरिंग बंद करा.
५. जुना फोन नवऱ्याने घेऊन दिलेला असेल तर फोटो आणि मेसेज आधी दुसरीकडे कॉपी करून मगच तो रिसेट करा. धमकीचे मेसेज हा पुरावा असतो, रागाच्या भरात डिलीट करू देऊ नका.

तपासा: आधारच्या साइटवर लॉगिन करून बघा, ओटीपी तिच्या हातातल्या फोनवर आला का? आला तरच पुढे.

टप्पा २ : एक फाईल

स्टेशनरीच्या दुकानात प्लॅस्टिकची कप्प्यांची फाईल मिळते ती घ्या. यात काय काय हवं:

तिचं आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट. लग्नाचं सर्टिफिकेट, नसेल तर पत्रिका आणि लग्नाचे फोटो. लेकराचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, आधार. नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला, किमान पाच-सहा मूळ प्रती काढून ठेवा, प्रत्येक ऑफिस मागतं. जातीचा दाखला माहेरचा, आणि डोमिसाईल.

कागद सासरी अडकलेत? रडत बसू नका, बहुतेक सगळ्याची दुसरी प्रत निघते. जन्मदाखला जिथे बाळंतपण झालं तिथल्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत मिळतो, मार्कशीटची डुप्लिकेट बोर्डाकडून. लग्न न झालेल्या आईच्या बाबतीत जन्मदाखल्यासाठी बापाचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१५ सालीच सांगितलंय की तिचं प्रतिज्ञापत्र पुरे. खिडकीवरचा माणूस "बापाचं नाव लागेलच" म्हणाला तर लेखी द्या म्हणायचं. लेखी म्हटलं की आवाज बराच खाली येतो.

दागिन्यांची, भांड्यांची यादी पण आत्ताच करा, आठवतंय तोवर. लग्नाच्या फोटोत गळ्यात काय काय दिसतंय ते बघून लिहा, सराफ बाजारातल्या दुकानाची पावती आईकडे असेल तर ती जोडा. स्त्रीधन तिचंच असतं.

रेशनकार्ड जरा वेळखाऊ आहे. आधी सासरच्या कार्डातून तिचं आणि लेकराचं नाव कमी व्हायला लागतं मग नवीन कार्ड. ते लोक मुद्दाम अडवतात, तेव्हा पुरवठा कार्यालयात तसा लेखी अर्ज देऊन पोच घ्या. अन्न सुरक्षा कायद्यात घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई हीच कुटुंबप्रमुख धरतात, त्यामुळे कार्ड तिच्याच नावावर निघायला हवं. माहेरच्या कार्डात नाव घुसवून मोकळं होऊ नका, उत्पन्न सगळ्यांचं एकत्र मोजलं जातं आणि पुढे योजनेत गोची होते.

सावध: मूळ कागद कोणाकडेच द्यायचे नाहीत. ना एजंटकडे, ना कॉन्ट्रॅक्टरकडे, ना वकिलाकडे, ना तुमच्याकडे. फोटो आणि झेरॉक्स द्या.

टप्पा ३ : खातं, आणि त्याच्या मागची तार

नवीन खातं, शक्यतो दुसऱ्या बँकेत, एकटीच्या नावावर. झिरो बॅलन्सचं जनधन चालतं, पोस्टाचं पण चालतं. लोक खातं उघडतात आणि खुश होतात, पण योजनेचे पैसे जातात ते आधार ज्या खात्याला सीड केलेलं, म्हणजे जोडलेलं आहे तिकडे. म्हणजे नवीन पासबुकची झेरॉक्स अर्जाला जोडलीत तरी पैसे पडणार जुन्याच खात्यात, ज्याचं एटीएम सासऱ्याच्या खिशात! बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म वेगळा भरा आणि आठवड्याने आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघा, कुठल्या बँकेचं नाव दिसतं ते.

योजनांचं थोडक्यात, कारण यावर व्हॉट्सॲपला खूप कचरा फिरतो:

बालसंगोपन योजना, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाची. एकल पालक असलेल्या मुलाला महिन्याला २,२५० रुपये, १८ वर्षांपर्यंत. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे, ऑर्डर बाल कल्याण समिती करते. माझ्या मते सगळ्यात उपयोगाची हीच, आणि सगळ्यात कमी लोकांना माहिती असलेली पण हीच. पैसे उशिरा येतात, एकदम येतात, त्यामुळे महिन्याच्या हिशोबात धरू नका.

संजय गांधी निराधार अनुदान योजना, महिन्याला १,५०० रुपये, अर्ज तहसीलला. विधवा, घटस्फोटित, आणि घटस्फोटाची केस चालू असलेली पण बसते, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला २१,००० ची आहे. हे आणि लाडकी बहीण असं दोन्ही धरून बजेट करू नका, दुसऱ्या योजनेतून दीड हजार मिळत असतील तर लाडकी बहीणमध्ये बसत नाही.

तपासा: खात्यात शंभर रुपये टाकून बघा. मेसेज तिच्या फोनवर आला, एटीएमचा पिन तिने स्वतः टाकला, पैसे तिने काढले. पिन तुम्हाला माहिती असेल तर तिला बदलायला सांगा, खरंच सांगतेय.

टप्पा ४ : कोर्टाचा अर्ज लवकर, पण त्याच्या आशेवर बसायचं नाही

इथे दोन टोकं बघते मी. काही जण "कोर्टकचेरी नको" म्हणून वर्षं घालवतात, काही जण पोटगी येईल म्हणून कामच शोधत नाहीत. कोर्टाने पोटगी दिली तर ती साधारण अर्जाच्या तारखेपासून मोजतात (सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निकाल आहे), म्हणून अर्ज पहिल्याच महिन्यात टाका आणि मग विसरून कामाला लागा.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, हेल्पलाइन १५१००.

दोन वेगळे अर्ज असतात, गोंधळू नका. एक २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली, ज्यात संरक्षण, राहायची सोय, खर्च, लेकराचा तात्पुरता ताबा हे सगळं एकत्र मागता येतं, आणि यासाठी संरक्षण अधिकारी मोफत मदत करतात. दुसरा पोटगीचा, जो पूर्वी कलम १२५ म्हणायचे तो आता नव्या कायद्यात कलम १४४ झालाय. सासर जळगावला का असेना, ती आता नाशिकला राहते तर दोन्ही अर्ज नाशिकला टाकता येतात. हे माहिती नसल्याने एक पोरगी लेकरू कडेवर घेऊन वर्षभर एसटीने तारखांना जात होती.

नवऱ्याच्या उत्पन्नाचा पुरावा आधीच गोळा करा. आपल्याकडे खास प्रकार म्हणजे नवरा द्राक्षबागायतदार, गावात बंगला, आणि कोर्टात सांगतो उत्पन्नच नाही, अवकाळीने सगळं गेलं. गट नंबर माहिती असेल तर सातबारा महाभूलेखच्या साइटवर दिसतो. बाजार समितीच्या पट्ट्या, ट्रॅक्टरचे फोटो, त्याने स्वतःच टाकलेले स्टेटस, सगळं ठेवा. दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, तेव्हा हे कामाला येतं. तिच्या प्रतिज्ञापत्रात पण खरंच लिहा, पगार लपवला आणि पकडलं गेलं की केस बिघडते.

सावध, मोठ्या अक्षरात: पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर पंचांसमोर लिहिलेली फारकत म्हणजे घटस्फोट नाही. नोटरीचा शिक्का मारला तरी नाही. सहमतीचा असला तरी कोर्टाची डिक्री लागते. काही समाजांत रूढीची फारकत असते म्हणतात पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते, त्या भानगडीत पडू नका. अशा कागदावर "मला व मुलाला पोटगी नको" अशी ओळ हळूच घातलेली असते. मुलाचा हक्क आईला असा सोडून देता येत नाही, तरीपण सही करूच नका.

लग्न न झालेली अगदी लहान आई असेल आणि "एक चांगलं जोडपं आहे, बाळ देऊन टाकू" असं कोणी सुचवलं तर तिथेच थांबा. बाळ हातोहात देणं गुन्हा ठरू शकतो. ठेवायचं नसेलच तर रस्ता बाल कल्याण समितीचा, तिथे निर्णय बदलायला ६० दिवस मिळतात.

टप्पा ५ : लेकरू कोण सांभाळणार? (कामाच्या आधी)

नोकरी सुटण्याचं कारण बहुतेक वेळा नोकरी नसते, सकाळचे दोन तास असतात. कंपनीची पहिली पाळी सातला, पाळणाघर उघडतं नऊला. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची पोरं घेतात पण ती काही तासच. पहिला आठवडा आजी सांभाळते, दुसऱ्या आठवड्यात आजीचा गुडघा, तिसऱ्या आठवड्यात तीन खाडे आणि सुपरवायझर म्हणतो उद्यापासून येऊ नको.

म्हणून कागदावर अख्खा दिवस आखा, खरंच आखा. सकाळी साडेपाच ते रात्री नऊ, प्रत्येक तासाला लेकरू कोणाकडे, त्या माणसाचं नाव. आणि प्रत्येकाला एक पर्यायी माणूस, ताप आला तर कोण, पाळणाघरवाल्या काकू गावाला गेल्या तर कोण. रिकामी चौकट राहिली तर त्या पाळीचं काम घ्यायचं नाही, पगार कितीही असू दे. ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघराची सोय कायद्याने द्यावी लागते, विचारायला लाजू नका, मात्र कॉन्ट्रॅक्टरकडून उत्तर येईल याची फार आशा नको.

पाळणाघर बघायला न सांगता जा, दुपारी दोनला. झोपलेली पोरं, त्यांच्या नाकाला शेंबूड सुकलाय का, टीव्ही किती मोठ्याने चालू आहे, गॅस कुठे आहे, बाहेरचं गेट लागतं का. आणि लेकराला न्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं आणि फोटो लेखी देऊन ठेवा, "मी बाबा आहे" म्हणून कोणीही यायला नको.

टप्पा ६ : खोली

पाळणाघर ठरलं की खोली त्याच्या पायी अंतरावर, कामाच्या जवळ नाही. काम बदलतं, सांभाळणारी काकू बदलायची नसते. सिडकोत राहून अंबडला चालत किंवा सिटीलिंकने जाता येतं, सातपूरच्या अशोकनगर, श्रमिकनगरकडे पण वन रूम किचन मिळतात. बसचा शेवटचा टाइम स्वतः स्टॉपवर जाऊन विचारा.

घरमालक विचारणारच, मिस्टर कुठे असतात? खोटं सांगू नका, लांब कहाणी पण सांगू नका. "मी आणि माझी मुलगी राहणार, मी अमुक ठिकाणी कामाला आहे, हे माझे मामा, यांचा नंबर घ्या" एवढं बस. मामा सोबत उभा असेल तर काम पटकन होतं. राग येतो मला पण असं आहे.

भाडेकरार तिच्या नावाने आणि रजिस्टर केलेलाच, नुसता नोटरीचा नको. महाराष्ट्रात तो रजिस्टर करणं घरमालकाची जबाबदारी आहे आणि ऑनलाइन होतो. तोच कागद पुढे आधारचा पत्ता, रेशनकार्ड, लेकराचं शाळेचं ॲडमिशन सगळीकडे लागतो. आरटीईच्या २५ टक्के जागांसाठी तर आत्तापासून जपून ठेवा, तिथे एकल आईला स्वतःचे कागद आणि घटस्फोटाची किंवा चालू केसची कागदपत्रं दाखवता येतात.

टप्पा ७ : काम

आता काम. आधी आकडे मांडा, समजा हातात १३,००० येणार. भाडं ४,५००, पाळणाघर २,५००, किराणा आणि दूध ३,५००, बस-फोन-लाइटबिल १,२००, राहिले १,३००. आकडे तुमचे घाला पण मांडणी हीच ठेवा. शिल्लक शून्याखाली जात असेल तर अजून दोन-तीन महिने माहेरीच राहू द्या, खोलीची घाई नको. निघून परत येणं पोरीला फार लागतं.

पहिल्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरला विचारायचं: पीएफ कापता का, यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) कधी मिळेल, ईएसआयसी आहे का, हजेरी कार्ड मिळतं का. २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआयसीमध्ये तिचा आणि लेकराचा दवाखाना होतो, तिच्या पगारातून कापतात फक्त पाऊण टक्का. पाचशे रुपये जास्त देणारा पण काहीच न कापणारा कॉन्ट्रॅक्टर गोड वाटतो, लेकराला डेंग्यू होईपर्यंत.

दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षांच्या पॅकहाऊसचं काम हंगामात चांगलं मिळतं पण ते हंगामापुरतंच. त्या पैशावर वर्षाचं भाडं ठरवू नका.

शिवणयंत्र, पापड, ब्युटी पार्लरचा कोर्स, हे सगळं लोक पहिल्या दिवशी सुचवतात. वाईट नाही पण पहिलं वर्ष ठरलेल्या तारखेला पगार हवा. धंदा नंतर, बचत गटातून, छोटा.

सावध: पहिले तीन महिने हप्त्यावर काही घेऊ देऊ नका, आणि मोबाईल ॲपवरचं कर्ज तर कधीच नाही.

टप्पा ८ : सहा महिन्यांनी

दहावी-बारावी राहिली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते, फॉर्मची तारीख चुकली की वर्ष गेलं म्हणून शाळेत आधीच विचारून ठेवा. पुढे पदवीला मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकचंच आहे. त्र्यंबक रोडच्या आयटीआयची चौकशी दहावीच्या निकालाच्या वेळेला करा. पण हे सगळं सहा महिन्यांनीच, आधी झोप पूर्ण होऊ दे तिची.

याच वेळी तुम्ही हळूहळू बाजूला व्हा. एक कसोटी आहे माझी: तहसीलचं एखादं काम तिला एकटीला करू द्या. चुकेल, परत यावं लागेल, जाऊ द्या. तुम्हाला फोन करून "काय करू" विचारलं तर "तुला काय वाटतं" विचारा आणि गप्प बसा, हे फार अवघड जातं मला अजूनही.

आणि शेवटची तपासणी, जी जवळजवळ सगळे विसरतात. पीएफ, बँक, विमा, सगळीकडचा नॉमिनी बघा. जुन्या पीएफमध्ये अजून नवऱ्याचंच नाव असतं. बँकेतून ४३६ रुपयांचा जीवन ज्योती आणि २० रुपयांचा सुरक्षा विमा वर्षाला कापला जातो, दोन्ही २ लाखांचे, ते चालू करा आणि नॉमिनी लेकरू लावा. लेकरू अज्ञान असल्याने त्याच्या वतीने पैसे कोण घेणार ते नाव पण फॉर्मवर लिहावं लागतं, ती चौकट रिकामी सोडू नका. ते नाव ती ठरवेल, तुम्ही नाही. फाईलची दुसरी झेरॉक्स तिने सांगितलेल्या माणसाकडे ठेवा, लोखंडी कपाटात, तांदळाच्या पोत्यामागे नको, उंदराने कुरतडलेला यूएएनचा कागद घेऊन मी स्वतः पीएफ ऑफिसला गेलेय.